काकूंच्या ऑपरेशनची वाटाघाट

हे लिहावं की नाही, हे माझं अजून नक्की होत नाही. काकूंना जाऊन वर्षही झालेलं नाही. सर आहेत, आणि त्यांनी हे वाचलं तर त्यांना काय वाटेल मला सांगता येत नाही. पण मी आता पुण्यात सरांचाच विषय शिकते आहे, आणि वर्गात वाटाघाटी हा शब्द आला की मला देश आठवत नाहीत, बेलापूरचं ते स्वयंपाकघर आठवतं.

सर आमच्या कॉलेजातले नव्हेत. ते श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचे. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील शाळेत मास्तर. सरांनी मात्र आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतला, दिल्लीला विद्यापीठात शिकवलं आणि शेतमालाच्या व्यापाराचे करार कसे होतात याचाच जन्मभर अभ्यास केला. परदेशात बोलणी असली की सरकारी अधिकारी पुढे बसत आणि त्यांच्या मागच्या रांगेत सल्लागार म्हणून सर. निवृत्तीनंतर ते आणि काकू गावी परतले.

मी तेव्हा श्रीरामपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कांद्याच्या निर्यातबंदीवर प्रकल्प करायचा होता, म्हणून आमच्या बाईंनी मला सरांकडे जायला सांगितलं. दादा, म्हणजे माझे वडील, गाडीवर सोडायला आले आणि सरांच्या दारातच थांबले.

"आत या की," काकू म्हणाल्या.

"न्हाई, पायाला चिखल हाय," दादा म्हणाले. चिखल नव्हता. त्या वर्षी पाऊसच पडला नव्हता.

त्या घरात मी प्रकल्पापुरती गेले आणि नंतर जातच राहिले. सरांची नजर कमी झाली होती. मी त्यांना वाचून दाखवायचे, ते मला शिकवायचे. त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते कंसांबद्दल. कराराचा मसुदा करताना ज्या शब्दांवर एकमत झालेलं नाही ते चौकोनी कंसात ठेवतात. बोलणी म्हणजे एकेक कंस काढत जाणं. 'शक्यतो' या एका शब्दाभोवतीचा कंस काढायला एकदा आठवडा गेला होता, असं ते सांगायचे. तो शब्द शेवटी राहिला. तो त्यांनी सुचवलेला होता, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही.

"मग तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं होतं.

"करारावर मसुदा करणाऱ्याचं नाव नसतं गं. असूही नये."

आतून काकूंचा आवाज आला. "नाव नसतं, आणि घरी यायची तारीखही नसते. आमचं लग्नसुद्धा यांनी वर्षभर कंसात ठेवलं होतं. चहा घेणार का विचारा, म्हणतील विचाराधीन आहे."

"घेणार," सर म्हणाले.

"बघ, कंस निघाला."

सरांचा एक नियम होता आणि तो मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. जो आधी घड्याळाकडे बघतो तो हरतो. घाईने केलेल्या करारापेक्षा न झालेला करार बरा. त्यांनी त्याची कितीतरी उदाहरणं सांगितली होती आणि ती सगळी खरी होती.

त्या हिवाळ्यात काकूंचं पोट दुखायला लागलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि गाठ आहे म्हणाले. ऑपरेशन करावं लागेल, लवकर केलेलं बरं, मी स्वतः करतो. काकूंना ते डॉक्टर पटले. मेथी निवडताना त्या मला म्हणाल्या, "मला नगरलाच करायचंय. तो पोरगा बोलताना आपल्याकडे बघून बोलतो. उद्या म्हणाला तर उद्या."

पण त्यांचा मुलगा कॅनडात होता. तो म्हणाला, पुण्यालाच करायचं, मोठ्या हॉस्पिटलात, आणि मला रजा मिळेपर्यंत थांबा. काकूंचे एक भाऊ, मामा, नाशिकला. ते म्हणाले, पोट फाडायच्या आधी आमच्या वैद्यांचं औषध घेऊन बघा. दोघेही काळजीनेच बोलत होते. दोघांचं आपसात पटत नव्हतं, हेही होतं.

सरांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग ते नेहमीच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "लॅपटॉप घे. आपण एक मसुदा करू."

मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. उलट मी सरसावून बसले. पुणे कंसात, नगर कंसात, औषध कंसात, रजा कंसात. सर रोज दोघांना फोन करायचे. मेहुण्यांना दुखवायचं नाही, मुलाला डावलायचं नाही. शब्द इतके जपून वापरायचे की ऐकत राहावं. वैद्यांच्या औषधाला ठरावीक मुदत, त्या बदल्यात मामांची ऑपरेशनला हरकत नाही. मुलाची रजा नाही मिळाली तर नगर, पण रिपोर्ट आधी पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचे. रिपोर्ट गेले. उत्तर यायला वेळ लागला. मामा म्हणाले, मग तोवर औषध चालू ठेवा.

एकदा मी धीर करून म्हणाले, "सर, काकूंना नगरलाच करायचंय. आणि लवकर."

"माहीत आहे ना मला," ते शांतपणे म्हणाले. "ती आपली बाजू आहे. आपल्या बाजूची संमती शेवटी घ्यायची असते, ती असतेच. आधी समोरच्यांना आणायचं."

हे मला तेव्हा पटलं. इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेलं वाक्य होतं.

दादा मधूनच कांदे घेऊन यायचे. आता ते आत ओसरीपर्यंत येऊ लागले होते. काकूंकडे बघून त्यांनी मला बाहेर विचारलं, "लई वाळल्यात गं. कवा हाय ऑपरेशन?"

"बोलणी चाललीत, दादा."

"सर करत्यात न्हवं बोलनी?"

"हो."

"मग बरोबर असंल. देशादेशांची भांडनं मिटवलेला मानूस हाय त्यो."

आम्हा सगळ्यांना असंच वाटत होतं. काकूंनाही बहुतेक. त्या फक्त जेवताना म्हणायच्या, "काय हो, माझं पोट आज कुठल्या कलमात आहे?" सर हसायचे. हळूहळू त्या पानात भात टाकू लागल्या, आणि हा विनोद त्यांनी कधी थांबवला ते माझ्या ध्यानात आलं नाही.

ऊन तापायला लागल्यावर एका दुपारी सर दारातच माझी वाट बघत होते. "झालं," म्हणाले. "सगळे तयार झाले. नगरला, याच डॉक्टरांकडे. एकही कंस राहिला नाही." इतके आनंदलेले सर मी त्याआधी बघितले नव्हते. त्यांच्या सगळ्या नोकरीत किती बोलणी फिसकटली होती ते त्यांनीच मला सांगितलं होतं. ही पूर्ण झाली होती, आणि कुणीही दुखावलं गेलं नव्हतं.

नगरला मीही गेले, सरांना कागद वाचून दाखवायला कुणी हवं म्हणून. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या. मग आम्हाला तिघांनाही बसवलं आणि खरोखरच काकूंकडे बघून बोलले. दुखणं पोटभर पसरलं होतं. आता ऑपरेशन करून उपयोग नव्हता.

"आधी आलो असतो तर?" सरांनी विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पाकिटात घातले. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

मी या उत्तराचा पुष्कळदा विचार केला आहे. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं, की समोर म्हातारा माणूस बघून ते थांबले, हे मला कळलेलं नाही. सरांनीही पुन्हा विचारलं नाही.

परतताना राहुरीच्या अलीकडे काकूंनी रसवंतीपाशी गाडी थांबवायला लावली. सर खाली उतरले आणि पोराला म्हणाले, "तीन दे. आलं नको."

"अहो," काकू गाडीतून म्हणाल्या, "मला आलं घालून हवाय."

सर वळून बघत राहिले. मग त्यांनी पोराला पुन्हा सांगितलं, "एकात आलं घाल." काकू अर्धा पेला प्यायल्या. चांगला आहे म्हणाल्या.

घरी आल्यावर सरांनी फोन लावले. आधी मुलाला, मग नाशिकला. मी स्वयंपाकघरात होते, पण त्या घरात सगळं ऐकू येतं. मुलगा खूप रडला असावा, कारण सर बराच वेळ नुसतं "हो रे, हो" म्हणत होते. मामांचा फोन लवकर संपला.

सर आत आले. काकू स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या पलंगावर टेकून बसल्या होत्या, नगरला नेसलेल्या साडीची घडी करत होत्या.

"सगळ्यांचं एकच म्हणणं आहे," सर म्हणाले. "तू म्हणशील तसं करायचं."

काकूंनी साडीची घडी पूर्ण केली. त्या रागावल्या नव्हत्या, हे मी आजही सांगू शकते.

"आता काय म्हणू?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "भात मऊ कर गं थोडा. ह्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

मी तांदूळ धुवायला घेतले. सर पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. काकूंनी घडी केलेली साडी त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि ते ती तशीच धरून बसले.