सुयुनचा स्वतःचा खेळ

माझी मावसबहीण सुयुन अकरा वर्षं चीनच्या बॅडमिंटन संघात होती. लोक तोंड वर करून विचारतात, पदकं किती? एकही नाही! आमच्या विजेतीसमोर उद्या जी परदेशी मुलगी असेल, हुबेहूब तिच्यासारखं खेळून विजेतीचा सराव घ्यायचा, हेच सुयुनचं काम.

निवृत्त होऊन ती यियांगला घरी आली, तेव्हा नूडल्स उकळता उकळता मावशी फणकारली, "जन्मभर दुसऱ्यांच्या नकलाच केल्यास! तुझा स्वतःचा खेळ दाखव की, मेले!"

सुयुननं गल्लीतच आईच्या हातात रॅकेट दिली आणि शटल अलगद उंच मारलं. मावशीनं ते परतवलं. मग मावशीनं कुठंही मारलं, तरी सुयुनचं प्रत्येक शटल बरोबर मावशीच्या रॅकेटवरच येत राहिलं.

"हा खेळ कुठल्या देशातल्या पोरीचा गं?" मावशीनं धापा टाकत विचारलं.

"हा माझा, आई."