उजव्या हातावरचे तीर्थ

मी माझ्या नातीला एकदाही मारले नाही. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत हे मी ओळखीच्या पुष्कळांना सांगितले, आणि सांगताना मला मोठे समाधान वाटत असे.

रत्नागिरीतल्या आमच्या घरात तेव्हा आम्ही तिघेच होतो. मी शाळेतून निवृत्त झालेला संस्कृतचा शिक्षक. सून प्राथमिक शाळेत शिकवायला जाई. नात साडेचार वर्षांची. मुलगा व्यापारी जहाजावर होता, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. त्या वर्षी सुटी संपवून तो गेला आणि पोरीचे थैमान सुरू झाले. चप्पल घालायला सांगितली तरी ती ओटीवर पालथी पडे आणि टाचा आपटत राही. ताट ढकलून देई. श्वास कोंडून ओठ काळेनिळे होईपर्यंत रडे. शेजाऱ्यांचे मत असे की दोन फटके द्यावेत, म्हणजे आपोआप वठणीवर येईल. मी हसून नकार देत असे. ज्याने चाळीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे पाठ करून घेतली, त्याला छडीची गरज पडू नये, असा माझा अभिमान होता.

माझी पूजा सकाळी आठ वाजता सुरू होई. सोवळे नेसून देवघरात बसलो की साडेनऊपर्यंत मला कोणी शिवायचे नाही, हा घराचा जुना नियम. नैवेद्य झाल्याशिवाय मोठ्यांनी जेवायचे नाही, हा दुसरा. नातीला मात्र सून आधी मऊभात भरवत असे.

एके दिवशी मी गंध उगाळत असता नात मागून आली आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकून पाठीला बिलगली. मी रागावलो नाही. तिचे हात सोडवले, उठलो, विहिरीवर गेलो, रहाटाने पाणी काढून पुन्हा स्नान केले. दुसरे सोवळे वाळलेले नव्हते, म्हणून ओलेच नेसलो आणि संकल्पापासून पूजा पुन्हा आरंभली. नैवेद्याला अकरा वाजले. सून न जेवता शाळेत गेली.

जेवताना मी नातीला शांतपणे म्हणालो, "तुझी आई आज उपाशी गेली. तू शिवलीस म्हणून."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. आज मला कळते की तिला एवढेच उमगले होते, शिवले की आजोबा उठतात. तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला. हट्ट मोडायला क्रोध नको, धीर हवा, असे मी सुनेला समजावले आणि त्या दिवसापासून नातीचा मऊभात बंद केला. नैवेद्य होईपर्यंत तिनेही काही खायचे नाही, म्हणजे आपल्या करणीचे फळ तिचे तिलाच कळेल.

सून दाराशी उभी राहून खालच्या आवाजात म्हणाली, "मामंजी, पोर आहे. दोन घास आधी भरवते."

"भरवलेस तर ती काहीच शिकणार नाही," मी म्हणालो. आमच्या घरात माझा शब्द ओलांडायची रीत नव्हती.

पुढचे सहा दिवस मी जे केले ते अत्यंत संथपणे केले. ती शिवे, मी उठे, स्नान करी, आरंभापासून सुरुवात करी. एका दिवशी चार वेळा. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारी विचारी, "शास्त्रीबुवा, आज विहीर आटवायचा बेत आहे का?" मी त्यावर हसत असे. त्या दिवशी नैवेद्याला अडीच वाजले. पोर माजघरात भिंतीशी बसून आधी ओरडली, मग रडली, मग नुसती हुंदके देत राहिली. मी देवघरातून तिला ऐकू जाईल अशा आवाजात, पण न चिडता, म्हणालो, "बाळ, देवही उपाशी बसले आहेत. तुझ्यामुळे." ती एकदम गप्प झाली. ते वाक्य लागू पडलेले पाहून मला आनंद झाला, हे मी लपवीत नाही.

आठव्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली आणि हात मागे घेऊन पूजा संपेपर्यंत हलली नाही.

त्यानंतर सगळेच थैमान संपले. चप्पल घालताना रडणे नाही, ताट ढकलणे नाही. एक नवी सवय तेवढी लागली. कोणाजवळही जाण्यापूर्वी ती विचारी, "मी शिवू का?" पडवीतल्या मांजरालाही विचारी. आईच्या कुशीत शिरतानाही विचारी, आणि सून तोंड फिरवून डोळे पुशी. मी त्याला संस्कार म्हणत होतो. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी तिचे कौतुक सांगे आणि तिला बोलावून दाखवीही.

मार्गशीर्षातली एक सकाळ. परीक्षा असल्यामुळे सून पहाटेच शाळेत गेली होती. नातीसाठी शेगडीवर पेज ठेवली आहे, पूजा झाल्यावर तेवढी वाढा, असे सांगून गेली होती. मी अभिषेकाला बसलो. मध्येच स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला. मांजर असेल असे वाटले. थोड्या वेळाने नात उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. उजवा हात पाठीमागे, डोळ्यांतून पाणी वाहते आहे, पण तोंडातून शब्द नाही. मी ते पाणी पाहिले. भांडे सांडले म्हणून भ्याली असेल, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. शिस्त अंगी बाणली, या विचाराने मला इतके प्रसन्न वाटले, की स्तोत्राच्या रोजच्या एका आवर्तनाऐवजी त्या दिवशी मी अकरा आवर्तने केली. पाऊण तास लागला. ती तितका वेळ उभी होती.

शेवटी मी पळीत तीर्थ घेतले. तिने डावा हात पुढे केला.

"तीर्थ कोणत्या हाताने घेतात?" मी विचारले. "उजवा हात," मी म्हणालो.

तिने उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल होऊन फोडांनी फुगली होती, आणि एका ठिकाणी सोलून लोंबत होती. पेज स्वतःच्या हाताने घ्यायला गेली होती ती. पळीतले तीर्थ तोपर्यंत मी ओतले होते. ते तिच्या तळहातावरून त्या फोडांवर ओघळले. ती ते प्यायली, आणि तिने हात नेहमीप्रमाणे डोक्यावरून फिरवला.

मी तिला उचलले, पण त्याआधी क्षणभर थांबलो. अंगावर सोवळे आहे, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला, हे मला लिहिलेच पाहिजे. तसाच रस्त्याने धावलो. ती माझ्या हातांवर होती आणि आपले दोन्ही हात माझ्या अंगापासून दूर, ताठ धरून होती. दवाखान्यात मिरकरवाड्याची एक कोळीण बोट कापून आली होती. तिने आपला नंबर आम्हाला दिला आणि पोरीकडे बघून म्हणाली, "ही रडत कशी नाय?"

दुपारी सून आली. हाताची पट्टी बघून ती खाली बसली. पाऊण तास पोर उंबऱ्याशी उभी होती, हे मीच तिला सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही मारलं असतंत तर बरं झालं असतं, मामंजी. निदान ओरडली असती." लग्नानंतर प्रथमच ती माझ्या तोंडावर असे बोलली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी सोवळे न नेसता पूजेला बसू लागलो. ये, म्हणून बोलावी. नात उंबऱ्यापर्यंत येई आणि तिथेच थांबे. मी गोष्टी सांगितल्या, खडीसाखर दिली. ती खडीसाखर वरून टाका म्हणून ओंजळ पसरी.

उन्हाळ्याची सुटी लागली तेव्हा सुनेने खेडच्या बाजूला, माहेराजवळ बदली मागून घेतली. मुलाचेही तसेच पत्र आले होते. एस.टी. स्टँडवर मी कोट-टोपी घालून सोडायला गेलो. गाडी लागली. सुनेने वाकून नमस्कार केला आणि मुलीला पुढे केले. मुलगी चार हात अंतरावरूनच जमिनीला डोके टेकून उठली.

मी खाली बसलो आणि दोन्ही हात पसरले. म्हणालो, "बाळ, मी सोवळ्यात नाही. ये ना जवळ."

तिने आईकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे. आपले दोन्ही हात तिने पाठीमागे घेतले.

"नको, आजोबा," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. तो सूर माझाच होता. "शिवलं की तुम्हाला परत आंघोळ करावी लागते. मग सगळ्यांना भूक लागते."

सून तिला घेऊन गाडीत चढली. खिडकीशी बसून ती माझ्याकडे पाहत होती. तिचे हात खिडकीच्या गजांवर नव्हते.