संत्र्याच्या पेटीची कडी

पारशिवनीच्या बाजारात एका माणसाने मला फसवलं. हे मी भेटेल त्याला सांगितलं — चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, अनोळखी माणसांनासुद्धा. आणि मी माझ्या बापाला फसवलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आधी त्या माणसाचं सांगतो. त्याची आठवण निघाली की अजून डोकं तापतं, आणि तापल्याशिवाय पुढचं माझ्या तोंडून निघायचं नाही.

मी बैलांचा दलाल. शाळा लवकर सोडली, बाजारात उभा राहिलो, कुणाच्या ओळखीशिवाय नाव कमावलं. आमच्या धंद्यात भाव तोंडाने करत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. त्यात मला कुणी हरवलं नव्हतं. बैलाचा दात, खूर, शेपटीचा गोंडा — सगळं तपासल्याशिवाय मी हात पुढे करत नसे.

त्या दिवशी पारशिवनीत, बैलबाजाराच्या कडेला, जंगलाकडचा एक माणूस मध आणि चारोळी घेऊन बसला होता. त्याच्या टोपलीत दोन पिल्लं होती. उडणाऱ्या खारीची. एकमेकांभोवती शेपट्या गुंडाळून झोपलेली, चारी पायांमध्ये मऊ कातडीची झालर, डोळे मिटलेले तरी केवढे मोठे! त्या काळी असं काही विकत घेताना कुणी अडवत नसे. ‘जोडी आहे’, तो म्हणाला. मी दुपट्टा काढला. त्याला ती बोटांची भाषा येत नव्हती. मीच शिकवली, आणि मीच त्याचा भाव पाडला. फार रंगात आलो होतो. मनात हिशेब चालू होता — ही वाढवायची, पिल्लं होतील, बंगल्यांतले शौकीन लोक मागतील तो भाव देतील.

घरी आणली तेव्हा मला त्यांचं काहीच कळत नव्हतं. दिवसभर झोपतात म्हणून मी आजारी माल समजलो. पेटी हलवून हलवून जागं करायचो. बाबांनी थांबवलं. त्यांनी गिरणीत जन्मभर रात्रपाळी केली होती. रिटायर झाले तरी डोळा लागायचा तो उजाडल्यावरच. ‘रातपाळीवाले आहेत गा हे,’ ते म्हणाले, ‘झोपू दे बिचाऱ्याइले.’

मग ती पिल्लं बाबांचीच झाली. संत्र्याच्या रिकाम्या पेटीला बाबांनी जाळी ठोकली, कडी बसवली, आपल्या जुन्या धोतराची झोळी करून आत टांगली. कापसाच्या वातीने दूध पाजलं. पुढे उंबरं, जांभळं, कोवळा पाला. अंधार पडला की दार लावून त्यांना खोलीत सोडायचे. ती कपाटावरून निघून हवेत पसरायची आणि थेट बाबांच्या छातीवर येऊन चिकटायची. म्हातारी माणसं अशी हसताना मी पाहिली नव्हती. आई गेल्यापासून ते रात्रभर एकटे बसत. आता एकटे नव्हते.

मला याचा आनंद व्हायला हवा होता ना?

उन्हाळ्यात जंगलखात्यातला एक ओळखीचा माणूस घरी आला. त्याने दोन्ही पिल्लं उलटी करून पाहिली आणि हसायला लागला. दोन्ही नर. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं. ‘बैलांचा दलाल न गा तू! जोडी बी बैलांचीच आनली! आता जुपतं का पोळ्याले सजवतं?’ माझ्या बरोबरीचे दलाल खांद्यावर थापा मारत होते. ज्यांना मी बोटांवर नाचवलं होतं, ते सगळे.

बाबा म्हणाले, ‘असू दे. नर त नर. त्याइचं एकमेकाइवाचून भागत नाही, फोडू नको जोडी.’ हे मला सांगायची गरज होती का? जोडीतला एक बैल विकला की दुसरा दिवसेंदिवस चाऱ्याला तोंड लावत नाही, हे मीच शेतकऱ्यांना ऐकवायचो.

तरी बाजाराच्या दिवशी, बाबा सकाळी पाला टाकून झोपल्यावर, मी कडी काढली. एक पिल्लू उचललं, पिशवीत घातलं आणि पारशिवनीची बस धरली. त्या मधवाल्याच्या तोंडावर नर फेकायचा आणि मादी घेऊन यायची, एवढंच डोक्यात होतं. घाईत कडी परत लावली नाही.

तो माणूस त्या दिवशी बाजारात नव्हता. मी शोधत राहिलो, शिव्या देत राहिलो, चारचौघांना त्याची लबाडी सांगत राहिलो. ऊन कसलं होतं — सांगून काय उपयोग? पिशवी माझ्या हातात होती. उघडून पाहिली तेव्हा ते गेलेलं होतं. बाजाराच्या मागे नाल्यात टाकलं आणि परत आलो.

घरी बाबा जमिनीवर पालथे पडून पलंगाखाली कंदील धरून बघत होते. दुसरं पिल्लू त्यांच्या बंडीत घट्ट धरलेलं. माझी चाहूल लागताच म्हणाले, ‘कडी उघडी होती गा. कोनं उघडली?’

मी श्वास घ्यायलाही थांबलो नाही. म्हणालो, ‘तुमीच. सकाळी पाला टाकला न तुमी?’

ते उठून बसले. आपल्या हाताकडे पाहत राहिले. ‘असन,’ म्हणाले. ‘याद नाही येऊन राहिलं.’

एवढंच. इतकं सोपं होतं ते.

उरलेलं पिल्लू झोळीतून उतरेना. उंबरं तशीच सुकली. बाबांनी पुन्हा वात काढली, दूध लावून पाहिलं. ते मेलं तेव्हा रडले नाहीत. पण त्यानंतर बाबा आपल्याच हाताला भिऊ लागले. गिरणीत ज्यांच्या हातून एक धागा चुकला नव्हता, ते दाराची कडी लावायचे, चार पावलं जाऊन परत यायचे. नळ बंद आहे का, चूल विझली का. शेजारची पोरं नक्कल करायची. एक दिवस आपल्या ट्रंकेची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘तूच ठेव बाबू. माह्या हाताचा भरोसा नाही.’ मी ठेवून घेतली.

आणि त्या मधवाल्याचं? त्याने नर-मादी असा शब्दच काढला नव्हता. मी विचारलंच नव्हतं. भाव पाडण्याच्या नादात मी शेपटी उचलून पाहिली नाही. तरी वर्षानुवर्षं त्याने जाब द्यावा म्हणून ओरडत फिरलो.

शेवटच्या आजारात एका दुपारी बाबा शुद्धीवर होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘खरं सांगजो. ते कडी मीच उघडी टाकली होती न?’

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, ‘जाऊ द्या न बाबा. मी बोललो का तुमाले कधी त्याच्यासाठी?’

मी त्यांना माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — त्यांना.

बाबांनी दोन्ही हात जोडले. बापाने पोरापुढे. मी ते हात धरून खाली केले नाहीत. ते दमून आपोआप खाली येईपर्यंत बघत उभा राहिलो.

जाब द्यायचा तो मी आहे. कडी मी काढली होती.