म्हशींनी बफर खाल्ला

माझा गोठा गणेशगुडीच्या रस्त्यापासून जरा आत, उतारावर आहे. वर गोठा, खाली भाताची खाचरं. गोठ्याचं शेणपाणी पाटानं आपोआप खाचरात उतरतं. हा उतार माझ्या वडिलांनी हेरला आणि मी राखला. शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहायचं माझं वय आता राहिलं न्हाई. गोठा तिथून हलला असता तर दोन्ही म्हशी विकाव्या लागल्या असत्या. हे आधीच सांगतो, म्हणजे मी एवढा का भांडलो ते कळेल.

गोठ्याच्या वरच्या अंगाला शेजाऱ्याचं मोकळं रान होतं. ते रामनगरकडच्या एका माणसानं घेतलं आणि तिथं लाल कौलांच्या खोल्या बांधल्या. काळी नदीच्या पाण्यात रबरी होड्यांतून आदळआपट करून घ्यायला शहरातली माणसं येतात, ती तिथं उतरू लागली. हा होमस्टेवाला माणूस वाईट न्हाई. पहिल्या दिवसापासून मला मामा म्हणतो. पण त्याचा व्हरांडा आणि माझा उकिरडा असे समोरासमोर आले की दोघांनाही तोंड लपवायला जागा न्हाई.

पाहुणे सकाळी चहा घेऊन बाहेर यायचे आणि चहा घेऊनच आत जायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, शेण म्हटल्यावर शेणाचाच वास येणार. माझा राग त्यांच्या दणदण वाजणाऱ्या गाण्याच्या पेटीवर. संध्याकाळी ती सुरू व्हायची ती नेमकी धारेच्या वेळी, आणि थोरली म्हैस पान्हाच सोडायची न्हाई. शेवटी त्यानं पंचायतीत वासाचा अर्ज दिला. मी पेटीचा दिला. माझा अर्ज मीच लिहिला. मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलोय, भांडणाच्या अर्जाला तेवढं पुरतं.

दोन्ही अर्ज घेऊन पंचायतीच्या अधिकारी बाई स्वतः आल्या. बाई कानडी बोलणाऱ्या. मला कानडी कळतं. रेशनचं दुकान आणि जोयड्याची कचेरी दोन्ही त्याच भाषेत चालतात. बाईंनी टेप धरून मापं घेतली, गोठा आणि खोल्या यांच्यामध्ये लाल टोकाच्या खुंट्या ठोकायला लावल्या, आणि म्हणाल्या, इथं बफर सोडायचा.

इंग्रजी मला येत न्हाई. पण बफर हा शब्द आमच्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही येतो. वाघाच्या जंगलाच्या कडेला जो पट्टा असतो तो बफर. वाळकी पानं आणायला निघालं तरी माणूस आधी विचारतो, तिकडं बफर तर न्हाई ना. त्यात खुंट्या. माझ्या घरचीचं माहेर सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हाही पाण्याच्या आधी खुंट्याच आल्या होत्या. बाई पुढं काय बोलल्या ते मी ऐकलंच न्हाई. पाठ फिरवली आणि चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खुंट्या उपटल्या, न्हाणीच्या चुलीत घातल्या आणि त्यावर तापलेल्या पाण्यानं आंघोळ केली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी पाणी फार चांगलं लागलं.

दुपारी बाई परत आल्या. बरोबर होमस्टेवाला.

"अज्जा, खुंट्या कुठं गेल्या?"

"मी जाळल्या."

होमस्टेवाला आपल्या चपलांकडे बघायला लागला. बाईंनी शांतपणे विचारलं, का? मी म्हटलं, माझ्या गोठ्यात मी वाघाला जागा देणार न्हाई. बाईंनी पदर तोंडाला लावला, आणि तो काढला तेव्हा म्हणाल्या, "अज्जा, हा वाघाचा बफर न्हवं. तुमच्या म्हशींचा."

मग नीट समजावलं. गोठा आणि पाहुणे एकमेकांना मानवत न्हाईत, तर मधे झाडांची दाट पट्टी लावायची. वीस फूट रुंद. व्हरांड्यात बसलेल्याला म्हैस दिसता कामा नये आणि वास अडला पाहिजे. पेटी खोल्यांच्या पलीकडच्या बाजूला न्यायची. दसऱ्यानंतर त्या बघायला येणार. पट्टी दाट झाली तर गोठा जागेवर राहील, न्हाई झाली तर हलवायची नोटीस निघेल.

"जागा कुणाची जाणार?" मी विचारलं.

"त्यांची. जो नंतर आला त्यानं सोडायची."

"मग हे काल का न्हाई सांगितलं?"

दारातून आमची घरची म्हणाली, "सांगत हुत्या की. तुमी तवर निम्म्या वाटंला गेला हुता."

माफी मागायची मला सवय न्हाई. मी माझ्या बेटातला बांबू तोडला, नव्या खुंट्या तासल्या आणि टेपच्या मापावर स्वतःच्या हातानं ठोकल्या. बाईंना काय समजायचं ते त्या समजल्या.

होमस्टेवाल्यानं पेटी पलीकडं नेली आणि टेम्पो भरून रोपं आणली. लाल पानांची, पिवळ्या ठिपक्यांची, पंख्यासारखी. नावं त्यालाही येत नव्हती. तिसऱ्या दिवशी माझ्या थोरलीचं दावं सुटलं. गाठ मीच मारली होती, त्यामुळे दोष कुणाला देता येत न्हाई. धाकटीही तिच्या मागं गेली. मी पोचलो तेव्हा होमस्टेवाला दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता.

"मामा, तुमच्या म्हशींनी बफर खाल्ला."

मी म्हटलं, तू वैरण लावलीस तर म्हशी दुसरं काय करणार? आता मी लावतो. त्याला शोभेचं हवं होतं, मला म्हैस तोंड लावणार न्हाई असं. मी अडुळसा आणि निर्गुडीचं नाव काढलं तसा तो म्हणाला, "मामा, पाहुणे इथं अडुळसा बघायला येणार काय?"

"खोकला झाला की येतील," मी म्हटलं.

मृगाच्या आधी दोघांनी मिळून लावणी केली. गोठ्याकडून अडुळसा, मधे निर्गुडी, फांद्या तोडून वीत-वीत अंतरावर खोचलेल्या. त्याच्या बाजूला त्याला जास्वंद आणि मोगरा लावू दिला. पाऊस लागला तशा काड्यांना पानं फुटली. मी रोज दुपारी त्याच्या व्हरांड्यात जाऊन खुर्चीत बसायचो आणि गोठ्याकडं बघायचो. तो चहा द्यायचा. पाहुण्यांना वाटायचं, मीही पैसे भरून उतरलोय.

पण खोल्यांकडून उतरणारं पावसाचं पाणी एका जागी साचून तिथल्या सगळ्या काड्या कुजल्या. तिथं दोन हातांचं भगदाड राहिलं, आणि त्यातून बरोबर थोरलीचं तोंड दिसायचं, फोटोला बसल्यासारखं. पुन्हा काड्या लावल्या, त्याही कुजल्या. भादवा जवळ आला तशी माझी झोप कमी झाली. घरचीनं एकदा म्हशी विकायच्या झाल्या तर कुणाला, असं विचारलं आणि मी जेवण अर्धं सोडून उठलो.

उठलो तो परसात गेलो. तिथं कोनफळाच्या कंदाचा वेल पेरूच्या झाडावर चढून पार शेंड्याला गेला होता. आमच्या या डोंगरात कोनफळासारखी जमीन न सोडणारी आणि आभाळालाही हात घालणारी दुसरी वस्तू न्हाई. बाजूलाच दोन कोवळे वेल उगवले होते. ते मातीसकट काढले, भगदाडाच्या दोन्ही अंगांना उंच वरंबे केले, वर बांबूची ताटी उभी केली. थंडीत वेल वाळणार हे मला ठाऊक होतं, पण तोवर कडेची निर्गुडी आत झुकली असती. रोज सकाळी वेलाचं टोक हातानं ताटीला गुंडाळत होतो. होमस्टेवालाही त्याच्या बाजूनं गुंडाळायला लागला. पानाआडून एकमेकांची बोटं दिसायची, मग तीही दिसेनाशी झाली.

दसरा झाला आणि बाई आल्या. व्हरांड्यातल्या माझ्याच खुर्चीत बसल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, उठून कठड्याला टेकून बघितलं. वारा खालून होता, तो निर्गुडीचा वास घेऊन आला. त्यांनी वही उघडली आणि नेमकी त्याच वेळी थोरली हंबरली, लांबलचक. एक पाहुणी खोलीतून धावत बाहेर आली, काय आहे, कुठं आहे म्हणत. कुणालाच काही दिसेना.

बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "ऐकू येऊ नये असं कागदात न्हाई." आणि गोठा जागेवर, असं लिहून वही माझ्यापुढं केली. मी अंगठा उठवत न्हाई. पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला, पण त्या थांबल्या.

मग होमस्टेवाला हळूच म्हणाला, "मामा, पाहुण्यांना म्हैस बघायची हाय. मधनं एक बारकी वाट काढूया का?"

"बफर हाय," मी म्हटलं. "वाट न्हाई."

तो अजून दर आठवड्याला विचारतो. मी देत न्हाई. ज्याला हौस आहे तो रस्त्यानं वळसा घालून येतो, चिखलातून. धाकटी कुणालाही चाटते. थोरली मात्र आधी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेते, आणि पसंत पडला तरच कान हलवते.