वीटभट्टीची वाट

विदी ग्रीन गावच्या शाळेत हेस्टर प्लमरिजनं सत्तावीस वर्षं पोरांना मटार-बटाटे वाढले. ही बाई कुणाबद्दल डूख धरील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिचा नवरा लेन रेल्वेत सिग्नलवर होता. निवृत्त झाला तोवर त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. त्यांचं घर उताराच्या तळाशी, जुन्या वीटकामगारांच्या चाळीत. मागच्या बाजूनं दोन कुंपणांमधून एक सपाट वाट ओढ्यापर्यंत जायची. लेन रोज तेवढंच चालायचा. मग कोपऱ्यातलं घर गॉर्डन स्पेल्मननं घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात वाटेला फाटक लावून कुलूप ठोकलं. ओढ्याकडे जायचा दुसरा रस्ता स्टेशनच्या चढावरून. तो लेनला झेपणारा नव्हता.

हेस्टर विचारायला गेली. "माझा माणूस आजारी आहे, साहेब. सकाळी अर्धा तास कुलूप काढलंत तरी पुरे."

"इथं वाट आहे असं लिहिलंय कुठं?" चहाचा घोट घेत स्पेल्मन म्हणाला. "नकाशावर दाखवा बाई, लगेच काढतो."

"जाऊ दे गं," लेन म्हणाला. "माणूसच तसला."

तो उन्हाळा त्यानं खाटेच्या काठावर बसून काढला. ऑक्टोबरात गेला.

दफनानंतरच्या गुरुवारी हेस्टर बसनं जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेली. तिथल्या पास्क नावाच्या किडकिडीत कारकुनाला म्हणाली, "विदी ग्रीनचे नकाशे काढा. सगळे."

चार वर्षं तिचा गुरुवार चुकला नाही. तिथं शाई चालत नसे, म्हणून ती पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. आधी इथं नुसती दलदल होती आणि वेताच्या टोपल्या विणणारी चार घरं. मग दलदलीखाली चिकणमाती सापडली, भट्ट्या पेटल्या. रेल्वे आली तशी त्याच विटांची घरं चढावर उभी राहिली. आणि १८४३च्या नकाशात चाळीपासून ओढ्यापर्यंत ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या, म्हणजे पायवाट. त्या सापडल्या त्या दिवशी तिनं पास्कला पहिल्यांदा बिस्कीट दिलं.

मग ती म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे केक घेऊन गेली आणि 'आम्ही या वाटेनं जायचो' अशा तेवीस जणांच्या सह्या घेऊन आली. तेवढ्यात स्पेल्मननं नेमकी वाटेवरच काचेची खोली बांधायला घेतली.

"आता तरी वाट सार्वजनिक ठरवायचा अर्ज द्या," पास्क म्हणाला.

"बांधू दे त्याला. चांगली पक्की बांधू दे."

छत चढलं, आत वेताच्या खुर्च्या आल्या, तेव्हा तिनं अर्ज टाकला. चर्चच्या सभागृहात तीन दिवस चौकशी चालली. वर्षभरानं निकाल लागला: वाट सार्वजनिक आहे.

स्पेल्मन तिच्या दारात आला. टोपी हातात. "बाई, वाट चार हात सरकवू या. बागेच्या कडेनं जाऊ दे. तुम्ही हरकत घेतली नाहीत तर होईल. ओढ्याकाठी बाकही बसवतो, लेनच्या नावाची पितळी पट्टी लावून."

तसला बाक हेस्टरला हवा होता, खरोखर हवा होता.

"त्याचं नाव तुमच्या हातून नको," ती म्हणाली. "खोली पाडा."

पाडायच्या दिवशी ती घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन फाटकाशी जाऊन बसली. काचा उतरल्या, चौकटी उतरल्या, शेवटी पाया उकरला. शेजारीण म्हणाली, "पुरे आता, हेस्टर. जिंकलीस ना?" हेस्टरनं तिला चहा ओतून दिला आणि तिथून हलली नाही.

नंतर रोज सकाळी, स्पेल्मनच्या नाश्त्याच्या वेळेला, ती त्याच्या खिडकीखालून सावकाश ओढ्यापर्यंत जायची आणि तितकीच सावकाश परतायची.

पास्क म्हणाला, "एवढी माहिती जमवलीत, गावाचा इतिहास लिहा ना."

"मला इतिहासाचं काय करायचंय?" हेस्टरनं पेन्सिल बाहेर काढली. "चाळीच्या उत्तरेचा नकाशा द्या. त्याचं गॅरेज कुणाच्या जागेवर आहे, ते बघायचंय."