न वाचलेला भाव

लोहाऱ्यात तूर विकायला आलेल्या शेतकऱ्यांना मी फसवलं. माझ्या भुसार दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारा त्यांना रोज पेपर वाचून दाखवी. दोऱ्यानं बांधलेला चष्मा सावरत तो जाहिरातीसुद्धा सोडत नसे. तुरीचा भाव चढला त्या दिवशी मी त्याला दरडावलं, "आज भाव वाचायचा न्हाय. ओटा माझा हाय."

"बाबा, भाव न्हाय का आला?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"न्हाय," म्हातारा म्हणाला. लोकांनी मला जुन्याच भावानं तूर घातली.

संध्याकाळी त्यानं पेपर माझ्यापुढं ठेवला. "शेठ, उद्यापासून तुमीच वाचा. माझं तोंड बाटलं." लाज वाटायला हवी होती मला, वाटली त्याला. तो परत आला नाही.

आता गावोगावी पेपर येतात. कुणाच्या दरडावण्यानं त्यातलं काय गाळलं जातं, याचा जाब संपादकांनी द्यावा. माझा मी दिला आहे.