तिघांना एकच स्थळ

स्थळ आणि जागा या दोन शब्दांत फरक आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर आमच्या गावच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने शिकवलं. मला शुद्ध मराठीची हौस. बाकीचे 'रूम पाहिजे', 'फ्लॅट रेंटवर' असलं लिहितात, आपण तरी नीट लिहावं म्हणून मी चष्मा पुसून लिहिलं, 'तीन होतकरू, निर्व्यसनी मुलांसाठी डोंबिवली परिसरात चांगले स्थळ हवे. तिघांना मिळून एकच चालेल. जुने असले तरी हरकत नाही. सध्या अकरा महिन्यांसाठी, पुढे पटल्यास वाढवू.' खाली माझा नंबर टाकून पाठवलं आणि समाधानाने आंघोळीला गेलो.

बाहेर येईपर्यंत ग्रुप पेटलेला होता. एकाने पहिलीच ओळ वाचून पत्रिका मागितली होती. दुसऱ्याने सगळं वाचलं असावं, कारण त्याने लिहिलं होतं, 'स्वतःच्या वयाचा तरी मान ठेवा.' एका काकांनी नुसतेच हात जोडले होते, आणि ते नमस्कारासाठी नव्हते. मी खुलासा लिहीपर्यंत अ‍ॅडमिनने मला काढून टाकलं. बायकोने माझ्या फोनवर तो मजकूर वाचला, परत एकदा वाचला, आणि काही न बोलता आत जाऊन कुकर लावला. ती बोलत नाही तेव्हा मी घाबरतो.

पण मूळ गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सागर, गणेश आणि विकी ही तीन मुलं आंबिवलीकडच्या एका बालगृहात वाढली. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. अशा मुलांना पायावर उभं राहीपर्यंत सोबत करणाऱ्या एका संस्थेत माझी बायको दर रविवारी स्वयंपाक आणि घर चालवायला शिकवते. माझं काम तिला ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरहून स्कूटरवर नेणं आणि मुलांना उपदेश करणं. पहिल्या कामाबद्दल आजवर तक्रार आलेली नाही. सागर कंपनीत उमेदवारीला लागलेला, गणेश एसी दुरुस्ती शिकतोय, विकी कॉलेजात. संस्थेने डोंबिवलीत फ्लॅट ठरवलेला, पण ऐनवेळी सोसायटीने बॅचलर नकोत म्हणून सांगितलं. महिनाअखेरीला तिघांना निघायचं होतं. जागा मिळाली नाही तर सागरला लांबच्या वसतिगृहात जावं लागणार, गणेश उस्तादाच्या दुकानात झोपणार. विकीला विचारलं, तर तो हसत म्हणाला, "काका, मला टेन्शन नाही. कल्याण स्टेशनवर माझी जुनी ओळख आहे." लहानपणी तो तिथेच सापडला होता. त्या रविवारी परत येताना बायको स्कूटरवर मागे बसून रडत होती, आणि मी हेल्मेटमुळे ऐकू येत नाही असं दाखवत होतो.

मी दत्तमहाराजांचा भक्त. भक्त म्हणजे, कॉलनीमागच्या देवळात दर गुरुवारी जातो, आरतीत दुसऱ्या कडव्यापासून नुसते ओठ हलवतो. ग्रुपवर शोभा झाली तोही गुरुवारच होता. संध्याकाळी देवळात गेलो तो मनात अढी धरूनच. महाराजांना म्हटलं, ज्यांना घर आहे त्यांना तू दुसरं देतोस, वीकेंडला जायला तिसरं देतोस, आणि या तीन पोरांना दोन खोल्या मिळत नाहीत? तू आहेस तरी का तिथे? असं मी देवाशी कधी बोललो नव्हतो. मग माझीच मला भीती वाटली. म्हटलं, चुकलो. माझ्याच्याने होत नाही हे. मी जे करायला जातो त्याचं हे असं होतं. आता तू बघ.

देवळात शिरताना फोन सायलेंट करायला मी कधी चुकत नाही, आणि बाहेर आल्यावर आवाज चालू करायला कधी लक्षात ठेवत नाही. त्या दिवशी मात्र डोकं ठिकाणावर नव्हतं. ऐन आरतीत फोन केकाटला. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं, महाराजही बघत असावेत. मी अंगणात पळालो.

"तो तीन मुलांचा मेसेज तुमचाच ना?" पलीकडून करारी आवाज. "मी डोंबिवलीच्या मानपाड्याहून सुलभा बोलतेय. वधूवर सूचक केंद्र आहे माझं. लोक तुमचा मेसेज हसायला म्हणून एकमेकांना पाठवतायत, तसा माझ्याकडे आला. इतकी लग्नं जुळवली, पण ही मागणी पहिलीच. द्वापारयुग आहे का हे?"

"नाही हो, मुलं खरंच चांगली आहेत."

"असतील. घरी कोण कोण?"

"कोणीच नाही."

"सासू नाही?"

"नाही."

"नणंद?"

"अहो, नाही! बालगृहातली मुलं आहेत ती, आईवडीलच नाहीत त्यांना. आणि मला बायको नकोय!"

"तुम्हाला कोण देतंय?"

"तसं नाही मावशी. त्यांना राहायला जागा हवीय. मी स्थळ लिहिलं."

आत देवळात आरती संपून मंत्रपुष्पांजली सुरू झाली होती. "मग जागा म्हणावं ना, बाबा," मावशींचा आवाज एकदम उतरला. "माझ्या घरावर दोन खोल्या आहेत. बॅचलरना मी देत नाही. पण रविवारी आणा पोरांना. बघायला काय जातंय?"

रविवारी चक्क बघण्याचा कार्यक्रम झाला. बायकोने फतवा काढला, मुलाकडचे आपण असलो तरी गरज आपली आहे, तेव्हा कांदेपोहे आपण न्यायचे आणि ते मुलांनीच करायचे. तिघांनी मिळून केले आणि तिघांनीही आठवणीने मीठ घातलं. मावशींनी पहिला घास खाल्ला, पाणी प्यायल्या, आणि का कोण जाणे, दुसरा घास घेतला. मी मुलांच्या गुणांवर बोलायला घसा खाकरला, तोच बायकोने मला चिमटा काढला. तो अजून निळा आहे.

"तापाने फणफणलात तर फोन कोणाला करणार?" मावशींनी विचारलं.

"काकूंना," विकी म्हणाला.

"काकांना नाही?"

"काकांचा सायलेंट असतो."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच भाडेकरू म्हणून नामंजूर झालोय. मग त्या पुढे सरकून बसल्या. "आणि तिघांत भांडण झालं तर?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं. आता 'आम्ही भांडतच नाही' म्हणतील आणि मावशींना खोटं लगेच कळेल. सागर हळूच म्हणाला, "भांडण तर होणारच, मावशी. आत्ता मिठावरून झालं. पण रागावून निघून जायला आम्हाला दुसरीकडे कुठे घर नाही ना. म्हणून संध्याकाळपर्यंत मिटतं."

मावशींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी आयुष्यभर जोडप्यांना हेच समजावत आले. मेल्यांना कळत नाही." त्या उठून आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. तिघांच्या हातावर साखर ठेवली. "पसंत आहेत," म्हणाल्या. गणेशला त्याचा अर्थ कळला नाही. त्याला वाटलं, पोहे खारट झाले म्हणून दिली.

यात चमत्कार होता का, हे मी कोणाशी वाद घालून सांगणार नाही. मला इतकंच दिसतं की मी शहाणपणाने केलेल्या खटपटी सगळ्या फसल्या, आणि ज्या चुकीची लाज वाटून मी देवासमोर हात टेकले, तिच्यावरच हसत हसत लोकांनी माझं मागणं योग्य दारी पोचवलं. शरण जाणं म्हणजे फार मोठं काही असेल असं मला वाटायचं. आता वाटतं, वेळेवर गप्प बसणं हाही त्यातलाच एक प्रकार असावा. मला तेवढंही कोणी चिमटा काढल्याशिवाय जमत नाही, हे महाराज जाणून आहेत.

मुलं राहायला गेली त्या दिवशी मी दत्ताची तसबीर घेऊन गेलो. दार लोटून थेट आत शिरलो, आणि ही भिंत की ती भिंत ते ठरवायला लागलो. मागून गणेश म्हणाला, "काका, चप्पल बाहेर." इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच काहीतरी सुनावलं. मी निमूट बाहेर जाऊन चप्पल काढली. विकीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तो दाराची कडी लावून बघत होता, काढत होता, परत लावत होता. आतून लावायची कडी त्याच्या हातात पहिल्यांदाच आली होती. खोलीतून मावशींच्या अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत होतं. मी तिकडे बघून मनातल्या मनात हात जोडले, कारण खरे हात तसबिरीत अडकले होते आणि डोळे पुसायलाही मोकळे नव्हते.

परत निघालो. स्कूटर सुरू करताना मी म्हटलं, "देवाची कृपा गं, पोरांना घर मिळालं."

बायको मागे बसत म्हणाली, "हो ना. मग पुढच्या वेळी बेल वाजवा, आणि दाराबाहेर थांबा जरा. आतून 'कोण आहे?' असं विचारू दे त्यांना. आजवर कधी विचारायला मिळालंय का बिचाऱ्यांना?"